होमस्टेडचा राहिलेला अर्ज: टेक्ससमधील एका घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचे प्रकरण

ऑस्टिनच्या उत्तरेला, विल्यमसन काउंटीत उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींमध्ये मराठी कुटुंबेही बरीच आहेत, आणि गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला ती जमली की प्रॉपर्टी टॅक्सचा विषय हमखास निघतो. पुढे मांडलेले प्रकरण होमस्टेडचे, म्हणजे स्वतःच्या राहत्या घराला मिळणाऱ्या करसवलतीचे आहे, आणि ते अशा वसाहतींत पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींवरून रचलेले आहे. कुटुंब आणि घर प्रातिनिधिक आहेत. वाचकाला कागद-पेन्सिल घेऊन हिशेब पडताळता यावा म्हणून घराची मूल्ये आणि कराचे दर गोल आकड्यांत घेतले आहेत. कायद्यातील तरतुदी, तारखा आणि सवलतींच्या रकमा मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत. हे सारे टेक्ससपुरते आहे. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असल्यामुळे कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीतील घराला ते लावता येणार नाहीत.

घर आणि पहिली दोन वर्षे

मूळचे साताऱ्याचे हे जोडपे. दोघेही सॉफ्टवेअरमध्ये, दोघेही एच-१बी व्हिसावर, पदरी दोन शाळकरी मुले. जून २०२० मध्ये त्यांनी बिल्डरकडून नवे घर घेतले आणि त्याच महिन्यात ते तिथे राहायला गेले. कर्ज ३० वर्षांचे आणि कायम व्याजदराचे होते, त्यामुळे महिन्याचा हप्ता आता जन्मभर तोच राहणार, अशी त्यांची समजूत झाली. ती निम्मीच बरोबर होती. मुद्दल आणि व्याजाचा भाग खरोखरच कायम होता. परंतु हप्त्याबरोबर कर आणि विम्यासाठी जे पैसे एस्क्रो, म्हणजे कर्ज देणारी कंपनी सांभाळते त्या राखीव खात्यात जातात, ते दरवर्षी नव्याने ठरतात, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते.

टेक्ससमध्ये मालमत्तेचे मूल्य दरवर्षी १ जानेवारीला ती ज्या स्थितीत असेल त्यावरून ठरते. १ जानेवारी २०२० ला त्यांच्या घराच्या जागी रिकामा प्लॉट होता आणि त्याचे मूल्य ६५,००० डॉलर धरले गेले होते. शाळा, काउंटी, शहर आणि इतर संस्था यांचा मिळून दर १०० डॉलरमागे २.२० डॉलर धरला, तर त्या वर्षाचा पूर्ण कर १,४३० डॉलर झाला. कर्ज देणाऱ्या कंपनीने पुढच्या वर्षाच्या एस्क्रोसाठी हाच आकडा धरला आणि करापोटी महिन्याला सुमारे ११९ डॉलर घ्यायला सुरुवात केली. १ जानेवारी २०२१ ला मात्र त्या प्लॉटवर पूर्ण बांधलेले घर उभे होते आणि त्याचे मूल्य ३,६०,००० डॉलर ठरले. त्या शरद ऋतूत जे बिल आले ते ७,९२० डॉलरचे होते.

जानेवारी २०२२ मध्ये कंपनीचे एस्क्रोचे पत्र आले. मागच्या वर्षाची ६,४९० डॉलरची तूट १२ महिन्यांत विभागल्यामुळे महिन्याला ५४१ डॉलर, आणि पुढच्या वर्षाचा कर आता ७,९२० धरल्यामुळे महिन्याला आणखी ५४१ डॉलर, असा हप्ता एकदम १,०८२ डॉलरनी वाढला. दोघांना वाटले की बँकेने व्याजदर वाढवला. बायकोने कर्जाची कागदपत्रे काढून व्याजदराचे कलम दोनदा वाचले. व्याजदर होता तिथेच होता. वाढला होता तो कर, आणि तोही खरे तर वाढला नव्हता, तर पहिल्यांदाच पूर्ण घरावर लागला होता. नवे घर घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या वर्षाचे बिल पाहताना ते प्लॉटचे आहे की घराचे, एवढे तपासले आणि पूर्ण घराच्या किमतीवर येणारा अंदाजे कर वेगळा बाजूला ठेवला, तर हा धक्का टळतो.

कर कोण ठरवतो, कोण मागतो

या पत्रानंतर त्यांनी तीन ठिकाणी फोन केले आणि तिन्ही ठिकाणी त्यांना 'हे आमच्याकडे नाही' असेच उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्यांचे चुकले नव्हते. टेक्ससच्या राज्यघटनेने राज्य सरकारला मालमत्ता कर लावण्यास मनाई केलेली आहे, आणि पगारावर राज्याचा आयकरही नाही. त्यामुळे शाळा, रस्ते, पोलीस, इस्पितळे यांचा मोठा भार स्थानिक मालमत्ता करावर पडतो आणि हा कर एकाच दाराने येत नाही. घराचे मूल्य ठरवते ती अप्रेझल डिस्ट्रिक्ट नावाची स्वतंत्र संस्था. ती काउंटीच्या पातळीवर काम करते, पण ती काउंटी सरकारचे खाते नव्हे. कराचा दर ठरवतात त्या शाळा डिस्ट्रिक्ट, काउंटी, शहर, कम्युनिटी कॉलेज आणि नव्या वसाहतींत पाणी-सांडपाण्याच्या बाँडसाठी स्थापन झालेले मड, म्हणजेच म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. बिल पाठवतो आणि पैसे घेतो तो काउंटीचा टॅक्स असेसर-कलेक्टर, आणि गंमत अशी की 'असेसर' हा शब्द पदनामात असूनही घराच्या मूल्याशी त्याचा संबंध नसतो. सवलतीचा अर्ज या सगळ्यांपैकी फक्त अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे करायचा असतो. विल्यमसन काउंटीसाठी ते कार्यालय जॉर्जटाउनला आहे.

बिलातला सर्वांत मोठा वाटा बहुतेक ठिकाणी शाळेचा असतो. आपल्या हिशेबात २.२० पैकी १.२० शाळेचे आणि उरलेला १.०० बाकी सर्वांचे मिळून, असे धरू.

अर्ज का राहिला

स्वतःच्या राहत्या घराला टेक्ससमध्ये होमस्टेडची सवलत मिळते. घर आपल्या मालकीचे असावे, ते आपले मुख्य निवासस्थान असावे आणि टेक्ससच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर किंवा ओळखपत्रावर त्याच घराचा पत्ता असावा, एवढ्याच प्रमुख अटी आहेत. फॉर्म ५०-११४ दोन-तीन पानांचा आहे आणि तो भरायला एक पैसाही लागत नाही. तरीही या जोडप्याने २०२१ साली तो भरला नाही, आणि त्याची कारणे मला महत्त्वाची वाटतात, कारण तीच कारणे इतर अनेक घरांतून ऐकू येतात.

पहिले कारण व्हिसाचे. ग्रीन कार्ड नसताना आपण सरकारी सवलत मागितली तर ते अंगाशी येईल, असे नवऱ्याने मनाशी धरले होते. होमस्टेडच्या कायद्यात नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट नाही. प्रश्न मालकीचा आणि राहण्याचा आहे. दुसरे कारण लायसन्सचे. दोघांच्याही लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता होता आणि साथीच्या काळात तो बदलायला जाणे पुढे पुढे ढकलले गेले. तिसरे कारण म्हणजे, क्लोजिंगच्या, म्हणजे घरखरेदीचा व्यवहार पूर्ण होण्याच्या, दिवशी शे-सव्वाशे पानांवर सह्या केल्यानंतर त्यात होमस्टेडचाही कागद असणारच, असे दोघांनी गृहीत धरले. तो नसतो. टायटल कंपनी (मालकीची कागदपत्रे तपासून व्यवहार पूर्ण करणारी कंपनी) किंवा बिल्डर हा अर्ज घरमालकाच्या वतीने करत नाही.

त्याच सुमारास घरी एक पत्र आले होते, ज्यावर सरकारी वाटावे असे चिन्ह होते आणि शुल्क घेऊन होमस्टेडचा अर्ज भरून देण्याची तयारी दाखवली होती. बायकोने ते फसवे समजून फाडून टाकले, हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर होमस्टेड हा विषयच संशयास्पद ठरून घरातून बाहेर गेला. आपल्याकडे रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही असे म्हणतात, आणि मालमत्ता कराच्या बाबतीत ते सातासमुद्रापारही लागू पडते. पुण्यात स्वतः राहत्या घराला घरपट्टीतील ४० टक्के सवलत २०२३ मध्ये पुन्हा मिळू लागली, तेव्हाही ती हवी असलेल्या अनेकांना पीटी-३ चा अर्ज भरून आपण त्या घरात राहतो हे दाखवावे लागले.

एप्रिल २०२२ ची नोटीस

एस्क्रोचे पत्र पचवतो न पचवतो तोच एप्रिलमध्ये अप्रेझल डिस्ट्रिक्टची मूल्याची नोटीस आली. ऑस्टिनच्या परिसरात त्या वर्षी अनेक घरमालकांनी आपल्या घराचे मूल्य एका वर्षात जवळजवळ निम्म्याने वाढलेले पाहिले. या घराचे मूल्य ३,६०,००० वरून ५,६०,००० डॉलर झाले होते. नोटिशीवर दोन रांगा होत्या. एकीत बाजारमूल्य आणि दुसरीत अप्रेझ्ड मूल्य, म्हणजे ज्यावरून कर काढायचा ते मूल्य. दोन्ही रांगांत ५,६०,००० हाच आकडा होता आणि सवलतींची जागा कोरी होती. शेजारच्या घराची नोटीसही त्यांनी पाहिली. त्याच बिल्डरचे, त्याच नकाशाचे, त्याच महिन्यात विकलेले घर. बाजारमूल्याच्या रांगेत तिथेही ५,६०,००० होते, पण खालच्या रांगेत ३,९६,००० होते.

या एका फरकात सगळे प्रकरण सामावलेले आहे. होमस्टेड म्हटले की लोकांना शाळेच्या करातून वजा होणारी ठरावीक रक्कम आठवते. ती रक्कम २०२१ साठी २५,००० डॉलर होती, म्हणजे १.२० च्या दराने वर्षाला फक्त ३०० डॉलरची बचत. एवढ्यासाठी कोण धावपळ करणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु होमस्टेडबरोबर आणखी एक संरक्षण येते. ज्या वर्षी घर होमस्टेड म्हणून पात्र ठरते, त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून त्या घराचे अप्रेझ्ड मूल्य एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, मग बाजारमूल्य कितीही वाढो. शेजाऱ्याचे घर २०२१ मध्ये होमस्टेड झाले होते, म्हणून २०२२ मध्ये त्याचे मूल्य ३,६०,००० वर १० टक्के धरून ३,९६,००० वर थांबले. या जोडप्याने त्या वर्षी अर्ज केला नव्हता, म्हणून त्यांना ही मर्यादा लागूच झाली नाही.

दोन वर्षांची मुदत

हे कळल्यावर नवऱ्याचा पहिला विचार असा होता की आता २०२२ साठी अर्ज करू आणि गेले ते गेले म्हणून सोडून देऊ. तसे केले असते तर २०२२ मध्ये त्यांना शाळेच्या करात फक्त वाढीव सवलत मिळाली असती. ७ मे २०२२ च्या मतदानाने ही सवलत ४०,००० डॉलर झाली होती, म्हणजे बचत ४८० डॉलर आणि बिल ११,८४० डॉलर. १० टक्क्यांची मर्यादा २०२३ पासून सुरू झाली असती आणि तिचा पाया ५,६०,००० डॉलर हाच राहिला असता.

पण टेक्ससच्या कायद्यात होमस्टेडसाठी उशिरा अर्ज करता येतो. त्या वर्षाच्या कराची थकबाकी ज्या दिवशी सुरू होते, त्यानंतर दोन वर्षांपर्यंत ही मुदत असते. २०२१ चा कर ३१ जानेवारी २०२२ पर्यंत भरायचा होता आणि थकबाकी १ फेब्रुवारी २०२२ पासून सुरू होत होती. म्हणजे २०२१ साठीचा अर्ज करायला अजून पावणेदोन वर्षे शिल्लक होती. मे महिन्यात दोघांनी आधी लायसन्सवरचा पत्ता बदलून घेतला आणि मग एकाच फॉर्मवर २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षांसाठी अर्ज केला. १ जानेवारी २०२१ ला आपण या घरात राहत होतो हे दाखवण्यासाठी क्लोजिंगचा हिशेब आणि २०२० च्या डिसेंबरचे विजेचे बिल सोबत जोडले. त्याचबरोबर, नोटिशीविरुद्ध प्रोटेस्ट, म्हणजे औपचारिक हरकत, करण्याची मुदत १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस यांतील जी नंतरची तारीख असेल तोवर असल्यामुळे, त्यांनी १० टक्क्यांची मर्यादा लावली नाही या मुद्द्यावर प्रोटेस्टही दाखल करून ठेवला. माझ्या मते हा निर्णय या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा होता. अर्जाचा निकाल लांबला असता आणि प्रोटेस्टची मुदत टळली असती, तर हातातले एक साधन विनाकारण गेले असते.

अर्ज मंजूर झाला. २०२१ च्या सवलतीचे ३०० डॉलर परत आले. २०२२ चे मूल्य ३,९६,००० वर आले, त्यातून शाळेच्या हिशेबात ४०,००० वजा झाले आणि कर असा बसला: शाळेचे ३,५६,००० वर १.२० च्या दराने ४,२७२ डॉलर आणि बाकीच्यांचे ३,९६,००० वर १.०० च्या दराने ३,९६० डॉलर, एकूण ८,२३२ डॉलर. कुठलीही सवलत न घेता हाच आकडा १२,३२० झाला असता. बचत ४,०८८ डॉलर, आणि तीत ठरावीक सवलतीचा वाटा ४८० डॉलर, तर मर्यादेचा वाटा ३,६०८ डॉलर. शहर आणि काउंटी स्वेच्छेने मूल्याच्या २० टक्क्यांपर्यंत आणखी सवलत देऊ शकतात. ती ठिकाणागणिक बदलत असल्यामुळे या हिशेबात धरलेली नाही.

बाजार उतरला, मूल्य चढले

पुढच्या वर्षी नवाच गोंधळ झाला. २०२३ च्या नोटिशीत बाजारमूल्य ५,६०,००० वरून ५,१०,००० वर उतरले होते, पण अप्रेझ्ड मूल्य ३,९६,००० वरून ४,३५,६०० वर चढले होते. घराची किंमत घसरली असताना कराचे मूल्य वाढते कसे, हा प्रश्न त्या वर्षी अनेक घरांत विचारला गेला, आणि ही चूक आहे असे समजून लोकांनी रागाने प्रोटेस्ट केले. ही चूक नव्हती. मर्यादेचा अर्थ असा की अप्रेझ्ड मूल्य म्हणजे चालू बाजारमूल्य आणि मागच्या अप्रेझ्ड मूल्याच्या १० टक्के वाढीव आकडा, या दोहोंतील जो कमी असेल तो. बाजारमूल्य अजून वरच असल्यामुळे खालचा आकडा दरवर्षी १० टक्क्यांनी वर सरकत राहतो, जोवर दोन्ही एकमेकांना गाठत नाहीत तोवर. मर्यादेमुळे वाढ रद्द होत नाही; ती पुढच्या वर्षांवर पसरते. म्हणून ज्याने २०२२ मध्ये ही मर्यादा मिळवली, त्याने पुढची दोन-तीन वर्षे दर वर्षी १० टक्के वाढ गृहीत धरूनच एस्क्रोचा अंदाज बांधायला हवा.

सुदैवाने त्याच वर्षी, ७ नोव्हेंबर २०२३ च्या मतदानाने, शाळेच्या करातील होमस्टेडची सवलत ४०,००० वरून १,००,००० डॉलर झाली आणि राज्याच्या पैशातून शाळांचे दरही खाली आणले गेले. आपल्या हिशेबात शाळेचा दर १.०० धरला, तर शाळेचे ३,३५६ आणि बाकीच्यांचे ४,३५६ मिळून ७,७१२ डॉलर झाले. या जोडप्याने २०२१ साठी उशिराचा अर्ज केला नसता, तर त्यांचे मूल्य पूर्ण ५,१०,००० राहून हाच कर ९,२०० झाला असता. म्हणजे ज्या अर्जातून २०२१ साठी फक्त ३०० डॉलर परत आले, त्याने २०२२ मध्ये ३,६०८ आणि २०२३ मध्ये १,४८८, असे दोन वर्षांत ५,०९६ डॉलर वाचवले.

त्याच वर्षी साताऱ्यात सासूबाईंचे ऑपरेशन झाले आणि बायको धाकट्या मुलाला घेऊन आठ महिने तिकडे राहिली. आपण तिकडे राहिल्यामुळे होमस्टेड जाईल की काय, ही तिची धास्ती निराधार होती. परत येण्याचा इरादा असेल आणि दुसरीकडे मुख्य निवासस्थान केले नसेल, तर दोन वर्षांहून कमी काळच्या गैरहजेरीने होमस्टेड जात नाही. इथे तर नवरा घरातच होता.

प्रोटेस्ट कधी करावा

२०२४ मध्ये बाजारमूल्य ४,९०,००० झाले आणि मर्यादेचा आकडा ४,७९,१६० झाला. दोन रांगा आता जवळ आल्या होत्या, आणि म्हणूनच मूल्यावर प्रोटेस्ट करण्याची हीच खरी वेळ होती. २०२३ मध्ये बाजारमूल्य ५,१०,००० वरून ४,८०,००० वर आणले असते तरी एक डॉलरही वाचला नसता, कारण कर ४,३५,६०० वरच लागणार होता. प्रोटेस्टचा उपयोग बाजारमूल्य मर्यादेच्या आकड्याखाली नेता आले तरच होतो, हे ध्यानात न घेता अनेक जण सुनावणीत अर्धा दिवस घालवतात.

टेक्ससमध्ये घराच्या विक्रीची किंमत सरकारदप्तरी जाहीर करणे बंधनकारक नाही, त्यामुळे आजूबाजूची घरे कितीला गेली हे घरमालकाला सहज कळत नाही. पण अप्रेझल डिस्ट्रिक्ट सुनावणीत जो पुरावा वापरणार आहे, तो मागितल्यास सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी द्यावा लागतो. या जोडप्याने तो मागितला. आलेल्या कागदांत तुलनेसाठी पाच घरे होती. त्यांतल्या दोघांना जलतरण तलाव होते आणि एकाची मागची बाजू मोकळ्या हिरवळीकडे होती, तर यांच्या घरामागे चौपदरी रस्ता होता. गाड्यांचा आवाज येतो तिथे उभे राहून नवऱ्याने फोनवर घेतलेला फोटो आणि गॅरेजच्या भिंतीतील भेगेच्या दुरुस्तीचे कंत्राटदाराकडून आलेले अंदाजपत्रक, एवढेच त्यांनी सोबत नेले. सुनावणीआधी मूल्यांकनकाराशी अनौपचारिक बोलणे होते, आणि बहुतांश लहान प्रकरणे तिथेच मिटवता येतात. तिथे मिटले नसते तर प्रकरण अप्रेझल रिव्ह्यू बोर्ड या स्थानिक नागरिकांच्या मंडळापुढे गेले असते, जिथे मूल्य बरोबर असल्याचे दाखवण्याची जबाबदारी मुख्यतः अप्रेझल डिस्ट्रिक्टवर असते. इथे ४,६५,००० वर तडजोड झाली. बचत २८३ डॉलर. रक्कम लहान आहे, पण २०२५ ची १० टक्के वाढही आता ४,६५,००० वरूनच मोजली जाणार होती.

आईवडील आणि ६५ वर्षांची सवलत

नवऱ्याचे आईवडील आता ग्रीन कार्डवर इथेच राहतात. वडील ६८ वर्षांचे. एका समारंभात कुणीतरी सांगितले की घरात ६५ च्या पुढचे कुणी असेल तर शाळेचा कर गोठतो, आणि त्यासाठी वडिलांचे नाव घराच्या डीडवर, म्हणजे मालकीच्या दस्तऐवजावर, चढवावे. यातले पहिले वाक्य अर्धवट आहे. ६५ वर्षांची सवलत घरात राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीला मिळत नाही. ती घराची मालक असलेल्या आणि तिथे राहणाऱ्या व्यक्तीला मिळते. घर मुलाच्या आणि सुनेच्या नावावर असल्यामुळे वडिलांच्या वयाचा इथे उपयोग नाही. नाव चढवण्याचा सल्ला त्यांनी विचारपूर्वक नाकारला, आणि मला ते पटते. डीडवर नाव चढवणे म्हणजे घराच्या मालकीचा काही भाग देऊन टाकणे. त्यात कर्जाच्या अटी, भेटकर, वारसा आणि भविष्यातील विक्री इतके धागे गुंतलेले असतात की वर्षाच्या काही शे डॉलरसाठी वकिलाला न विचारता ते करू नये.

आईवडिलांनी स्वतःच्या नावावर लहान घर घेतले तर मात्र चित्र वेगळे आहे. ४ नोव्हेंबर २०२५ च्या मतदानाने होमस्टेडची शाळेतील सवलत १,४०,००० डॉलर आणि ६५ वर्षांवरील किंवा अपंग मालकांची जादा सवलत १०,००० वरून ६०,००० डॉलर झाली, आणि दोन्ही २०२५ च्या करापासून लागू झाल्या. २,००,००० डॉलरपर्यंतच्या घरावर अशा मालकाला शाळेचा कर उरतच नाही. त्यापुढच्या घराला शाळेच्या कराची वरची मर्यादा ठरते. म्हणजे दर किंवा मूल्य वाढले तरी, घरात नवे बांधकाम केले नाही तर, शाळेच्या कराची रक्कम त्या मर्यादेच्या वर जात नाही. यात मूल्य गोठत नाही, रक्कम गोठते, आणि काउंटीचा किंवा शहराचा कर आपोआप गोठत नाही. तो गोठवायचा की नाही हे त्या त्या संस्थेवर असते. वडील तूर्त मुलाकडेच राहणार आहेत.

२०२५ नंतर

२०२५ ला घराचे बाजारमूल्य ४,५५,००० वर आले. मर्यादेचा आकडा आता बाजाराच्या वर गेल्यामुळे कर बाजारमूल्यावरच लागला: शाळेचे ३,१५,००० वर ३,१५० आणि बाकीच्यांचे ४,५५,००० वर ४,५५०, एकूण ७,७०० डॉलर. बिल ३१ जानेवारीपर्यंत न भरल्यास फेब्रुवारीत दंड आणि व्याज मिळून ७ टक्के लागतात आणि जुलैपर्यंत हा आकडा १८ टक्क्यांवर जातो, म्हणून एस्क्रोतून पैसे खरोखर गेले की नाही हे जानेवारीच्या मध्यावर टॅक्स ऑफिसच्या संकेतस्थळावर पाहण्याची सवय बायकोने लावून घेतली आहे. अप्रेझल डिस्ट्रिक्टला दर पाच वर्षांनी निदान एकदा होमस्टेडची पात्रता पडताळावी लागते. ते पत्र आले की जाहिरात समजून कचऱ्यात जाऊ नये, म्हणून फ्रिजवर त्याविषयी एक चिठ्ठी लावलेली आहे.

वडिलांना जिने चढणे जड जाऊ लागल्यामुळे तळमजल्यावर त्यांच्यासाठी एक खोली आणि न्हाणीघर वाढवण्याचा बेत आहे. नवे बांधकाम १० टक्क्यांच्या मर्यादेत येत नाही. त्याचे मूल्य जसेच्या तसे वर मिळवले जाते. खोलीने घराचे मूल्य ४०,००० डॉलरनी वाढले, तर २.०० च्या दराने वर्षाला ८०० डॉलर कर वाढेल, आणि ते त्यांनी धरून चालले आहे. कंत्राटदार नोव्हेंबरमध्येच काम सुरू करायला तयार होता. पण १ जानेवारीला खोलीचा सांगाडा जरी उभा असला तरी तेवढ्या बांधकामाचे मूल्य त्या वर्षाच्या हिशेबात आले असते. वडिलांना विचारून, काम फेब्रुवारीत सुरू करायचे ठरले आहे.